ॲप ऑफिसातही उघडावं आणि बाहेरूनही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप, चाकणला गोडाउन, मालक राहायला कोथरूडला, सीए नारायण पेठेत. आणि या सगळ्यांना लागणारं साठ्याचं ॲप वर्कशॉपच्या केबिनमध्ये, टेबलाखालच्या एका पीसीवर. पुण्यात अशी मांडणी जागोजागी दिसते. ॲप बनवणारा ॲप देऊन मोकळा होतो, इंटरनेटवाला लाइन देऊन मोकळा होतो आणि मधलं सगळं कुणाच्याच अंगावर नसतं. हे पान त्या मधल्या भागासाठी आहे.

उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे. सर्व्हरचा, म्हणजे त्या टेबलाखालच्या पीसीचा, लॅनमधला (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमधला) पत्ता १९२.१६८.१.१०, ॲप चालतं पोर्ट ८००० वर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार), कनेक्शनचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता, २०३.०.११३.२५ आणि ॲपचं नाव साठा.उदाहरण.इन. प्रत्यक्ष टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरायचे, हे सांगायला नको.

सर्व्हरवर बसून उघडलं तर ॲप चालतं, शेजारच्या टेबलावरून चालत नाही. का?

बहुतेक वेळा ॲप फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतं. हा पत्ता म्हणजे ‘हेच मशीन’. अर्धवट ॲप चुकून नेटवर्कवर उघडं पडू नये म्हणून बरीच फ्रेमवर्क (ॲप बनवायचे तयार सांगाडे) डेव्हलपमेंटच्या वेळी मुद्दाम असं करतात. जँगोचा रनसर्व्हर १२७.०.०.१ च्या ८००० पोर्टवर सुरू होतो तो यामुळेच. ऐकायचा पत्ता १९२.१६८.१.१० केला, किंवा ०.०.०.० म्हणजे मशीनचे सगळे पत्ते असा केला, की शेजारच्या टेबलावरून उघडेल. सध्या कुठे ऐकतंय ते विंडोजवर नेटस्टॅट आणि लिनक्सवर एसएस या कमांडने दिसतं.

तरीही उघडलं नाही तर विंडोज फायरवॉल बघा. नेटवर्क ‘पब्लिक’ प्रोफाइलमध्ये पडलं असेल तर आतली रिक्वेस्टही अडते. ऑफिसचं लॅन ‘प्रायव्हेट’ करा आणि त्या एका पोर्टपुरता नियम घाला. फायरवॉलच बंद करून ‘चाललं बघा’ म्हणणारा कुणी आला, तर त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवा.

गुरुवारी लाइट जाते आणि शुक्रवारी सर्व्हर सापडत नाही. काय भानगड आहे?

भोसरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा आणि महावितरणच्या देखभालीचा वार. सगळं बंद होऊन परत सुरू झालं की राउटर डीएचसीपीने, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते द्यायच्या पद्धतीने, पत्ते नव्याने वाटतो आणि कालचा .१० आज .१४ होतो. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डच्या स्वतःच्या क्रमांकाला) १९२.१६८.१.१० कायमचा राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पोर्ट फॉरवर्ड केलं, तरी बाहेरून काही उघडत नाही.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून आलेली रिक्वेस्ट आतल्या सर्व्हरकडे पाठवायचा राउटरमधला नियम. आधी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे का? राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी बघा. मग त्याच कनेक्शनवरून ‘माझा आयपी काय’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर ठीक. वेगळे असतील, आणि वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे आयपीव्ही४ पत्ते, म्हणजे हे चार आकड्यांचे पत्ते, एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ संपले होते, त्यामुळे आता एकेका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले जातात. अशा वेळी तुमच्या राउटरवर कितीही फॉरवर्डिंग करा, बाहेरची रिक्वेस्ट तुमच्या दारापर्यंत येतच नाही. मग कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक, आयपी विकत घ्या, किंवा खाली टनेल आणि व्हीपीएनचं, म्हणजे बाहेरून आत यायच्या वेगळ्या वाटांचं, सांगितलंय ते बघा.

वॅनचा आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मामला सोपा आहे. फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटर आहे आणि त्यामागे तुम्ही तुमचा राउटर लावलाय, म्हणजे दोनदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होतंय. त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे द्यायची) टाकायला सांगा, किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा. १० ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता राहतात. कंपनीला सरळ विचारून घ्या.

आणि तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. ऑफिसच्याच वायफायवरून ‘बाहेरून’ तपासणाऱ्यांसाठी पुढचा प्रश्न आहे.

मोबाइल डेटावर उघडतं, पण ऑफिसच्या वायफायवर तेच नाव टाकलं की नुसतं फिरत राहतं. सर्व्हर तर दहा फुटांवर आहे!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

तुमचा फोन आहे १९२.१६८.१.५० वर. डीएनएसने, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने, त्याला साठा.उदाहरण.इन म्हणजे २०३.०.११३.२५ असं सांगितलं. फोनने तिकडे पॅकेट पाठवलं. राउटरच्या लक्षात आलं की हा तर आपलाच पत्ता. फॉरवर्डिंगच्या नियमाप्रमाणे त्याने पॅकेटवरचा पोचायचा पत्ता बदलून १९२.१६८.१.१० केला आणि ते परत आत पाठवलं. सर्व्हरला पॅकेट मिळालं, पाठवणारा दिसला १९२.१६८.१.५०. हा तर आपल्याच लॅनमधला, म्हणून सर्व्हरने राउटरला मध्ये न घेता थेट फोनला उत्तर दिलं. आता फोन वाट बघतोय २०३.०.११३.२५ च्या उत्तराची आणि उत्तर आलं १९२.१६८.१.१० कडून. ‘तुला कुणी विचारलं?’ म्हणून फोन ते फेकून देतो. पान फिरत राहतं.

काही राउटरमध्ये यावर सोय असते, तिला नॅट लूपबॅक किंवा हेअरपिन नॅट म्हणतात. त्यात राउटर पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून स्वतःचा टाकतो, त्यामुळे उत्तर त्याच्यामार्फतच परत जातं. चालतं, पण वाड्याच्या माजघरातून परसात जायला दिंडी दरवाज्याने रस्त्यावर यायचं आणि बोळातून वळसा घालून मागच्या दाराने शिरायचं, त्यातला प्रकार. शिवाय सर्व्हरच्या लॉगमध्ये आतल्या प्रत्येक माणसाचा पत्ता राउटरचा, म्हणजे १९२.१६८.१.१ दिसतो. माझं मत विचाराल तर हेअरपिन ही तात्पुरती सोय आहे. खरं उत्तर स्प्लिट डीएनएस, म्हणजे एकाच नावाला आत एक पत्ता आणि बाहेर दुसरा.

त्यापेक्षा आत आयपी टाकायचा आणि बाहेर नाव, असं सांगून मोकळं झालं तर?

हे पहिल्या दिवशी सोपं वाटतं. मग एकेक गोष्ट अंगावर येते. ॲपने व्हॉट्सॲपवर पाठवलेली चलनाची लिंक १९२.१६८ ने सुरू होते आणि चाकणच्या गोडाउनमध्ये उघडत नाही. रॅकवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये एक पत्ता, बुकमार्कमध्ये दुसरा. लॉगिनची कुकी एका पत्त्यासाठी असते, म्हणून ऑफिसात लॉगिन केलेला लॅपटॉप घरी परत पासवर्ड मागतो. सर्टिफिकेट (हे नाव खरंच तुमचं, याचा दाखला) नावासाठी घेतलेलं असतं, आयपी टाकला की ब्राउझर लाल पान दाखवतो आणि स्टाफला ‘पुढे जा’ दाबायची सवय लागते. ती सवय फार महागात पडते.

म्हणून एक नियम ठरवून टाका: ॲपला नाव एकच, आतही तेच आणि बाहेरही तेच. फरक असला तर तो त्या नावाला डीएनएस काय उत्तर देतो एवढाच. ॲपला, सर्टिफिकेटला आणि माणसांना हा फरक कळताही कामा नये.

स्प्लिट डीएनएस प्रत्यक्षात कसं करायचं?

बाहेरच्या, म्हणजे डोमेन जिथे घेतलंय तिथल्या डीएनएसमध्ये साठा.उदाहरण.इन ला २०३.०.११३.२५ द्या. आणि ऑफिसच्या आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला १९२.१६८.१.१० द्या.

आतलं डीएनएस म्हणजे वेगळा सर्व्हरच लागतो असं नाही. मायक्रोटिक राउटरमध्ये डीएनएसच्या स्टॅटिक यादीत एक नोंद पुरते. ओपनडब्ल्यूआरटी किंवा साध्या लिनक्स मशीनवर डीएनएसमास्क असेल तर एक ओळ. पाय-होल असेल तर ‘लोकल डीएनएस’मध्ये एक नोंद. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेल्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते. तेव्हा एखादा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय कामाला लावा.

विंडोज सर्व्हरचं डीएनएस वापरत असाल तर एक खड्डा आहे. सगळ्या उदाहरण.इन चा झोन, म्हणजे नाव-पत्त्यांची यादी, आत बनवू नका. बनवला, की त्या डोमेनच्या प्रत्येक नावाचं उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्या सर्व्हरवर आली. कंपनीची वेबसाइट आणि मेल बाहेर चालेल, पण ऑफिसात गायब होईल. झोनचं नावच साठा.उदाहरण.इन ठेवा आणि त्यात नाव कोरं ठेवून एकच ए रेकॉर्ड (नावाचा पत्ता सांगणारी नोंद) घाला.

दुसरा खड्डा डीएचसीपीचा. राउटरने सगळ्यांना फक्त आतलंच डीएनएस वाटलं पाहिजे. ‘सेकंडरी म्हणून ८.८.८.८ (गूगलचं पब्लिक डीएनएस) असू दे’ असं बरेच जण करतात. सेकंडरी म्हणजे फक्त अडीअडचणीला, असं सगळी यंत्रं मानत नाहीत; काही दोघांपैकी कुणालाही विचारतात, काही एकदा दुसऱ्याकडे गेली की तिथेच रमतात. मग ॲप सकाळी चालतं आणि दुपारी नाही, आणि तुम्ही वायरी बदलत बसता. राखीव हवंच असेल तर दुसरं डीएनएसही आतलंच, त्याच नोंदीसह ठेवा.

बदल करताना बाहेरच्या रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) ३०० सेकंद ठेवा आणि आतल्या विंडोज मशीनवर डीएनएस कॅश फ्लश करा, म्हणजे साठवलेली उत्तरं पुसा. नाहीतर जुनं उत्तर बराच वेळ भुतासारखं राहतं.

सगळं केलं, पण एकाच पीसीवर चालत नाही.

तो पीसी आतल्या डीएनएसला विचारतच नसणार. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युर डीएनएस’ला बाहेरचा प्रोव्हायडर निवडलेला असतो, अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणीतरी नाव टाकून ठेवलेलं असतं, किंवा कुठलं तरी व्हीपीएन सुरू असतं. तिन्ही नसेल तर होस्ट्स फाइल (त्या मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) उघडून बघा. तिथे मागच्या इंजिनिअरची एखादी ओळ नक्की सापडेल.

होस्ट्स फाइलमध्येच लिहून टाकलं तर?

चाचणीपुरतं चालेल. लॅपटॉप घरी गेला की तीच ओळ आड येते, आणि फोनवर तर ही फाइल बदलताच येत नाही.

पब्लिक डीएनएसमध्येच १९२.१६८.१.१० घातला तर आतलं डीएनएस लागणारच नाही, बरोबर?

ॲप फक्त ऑफिसात किंवा व्हीपीएनवरच वापरायचं असेल तर हे चालतं, आणि काही ठिकाणी मीही तसंच ठेवतो. पण काही राउटर डीएनएस रिबाइंडिंग या हल्ल्यापासून बचाव म्हणून बाहेरून आलेली खाजगी पत्त्यांची उत्तरं गाळतात, तिथे नाव सापडतच नाही. आणि घरून नुसत्या इंटरनेटवर उघडायला गेलात तर १९२.१६८.१.१० हा तुमच्या घरच्या वायफायवरचा टीव्हीही असू शकतो.

रिव्हर्स प्रॉक्सी कशाला मध्ये? ॲपचं ८००० पोर्टच बाहेर दिलं तर?

नको. ॲप परत १२७.०.०.१ वर बसवा आणि पुढे एनजिनएक्स, अपाची किंवा कॅडी उभं करा; रिक्वेस्ट आधी घेऊन मग ॲपकडे देणाऱ्या अशा प्रोग्रॅमलाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टवर तेच ऐकेल, सर्टिफिकेट तेच सांभाळेल, कुणाला काय दिसावं हे तेच ठरवेल आणि आत-बाहेर दोन्हीकडच्या रिक्वेस्ट एकाच जागी एकाच लॉगमध्ये येतील. उद्या दुसरं ॲप आलं तर दुसरं नाव देऊन त्याच प्रॉक्सीमागे बसवता येतं.

त्रास होतो तो प्रॉक्सी आणि ॲप यांच्या बोलण्यात. एनजिनएक्स काही न सांगता मूळ होस्टचं नाव मागे पाठवत नाही; ॲपला वाटतं आपल्याला १२७.०.०.१ म्हणूनच बोलावलंय, आणि ते लिंका तशाच बनवतं. होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तीन हेडर (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या नोंदी) पाठवा. मग ॲपला ते मानायला सांगा: जँगोत अलाउड होस्ट्स आणि सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स (आवृत्ती ४ पासून यात एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लागतो), एक्सप्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी, ओडूमध्ये प्रॉक्सी मोड, नेक्स्टक्लाउडमध्ये ट्रस्टेड डोमेन्स, वर्डप्रेसमध्ये साइटचे दोन्ही पत्ते. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ आलं तर समजा की ॲपला एचटीटीपीएस झालंय हे कळलेलं नाही, म्हणून ते परत परत तिकडेच पाठवतंय. कॅडी हे तिन्ही हेडर आपण होऊन पाठवतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवतो.

आणखी दोन ठेचा एनजिनएक्समधल्या. अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, त्यामुळे फोनवरून चलनाचा फोटो टाकला की ४१३ एरर. आणि मागच्या ॲपने ६० सेकंदांत काहीच पाठवलं नाही तर ५०४; वर्षभराचा रिपोर्ट काढताना हमखास येतो. दोन्ही आकडे वाढवता येतात. रिपोर्ट का रखडतो ते मात्र ॲपवाल्याला विचारा.

आतल्या आत वापरायलाही एचटीटीपीएस लागतं का?

लागतं. ‘आपलंच लॅन आहे’ हे कारण एका क्षणात कोसळतं: फोनचा कॅमेरा. रॅकवरचा क्यूआर ब्राउझरमधून स्कॅन करायचा तर कॅमेऱ्याची परवानगी ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच देतो. साध्या एचटीटीपीवर स्टोअरकीपर बटण दाबत राहतो, कॅमेरा उघडत नाही आणि दोष फोनला लागतो. लोकेशनचंही तेच.

मग आतलं सर्टिफिकेट कुठून आणायचं?

नाव एकच ठेवलंत त्याचा फायदा इथे मिळतो: सर्टिफिकेटही एकच. लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, मुदत ९० दिवस. नाव तुमचंच आहे हे सिद्ध करायचे मुख्य मार्ग दोन. एक, पोर्ट ८० वर त्यांचा सर्व्हर येऊन फाइल तपासतो. त्यासाठी ते पोर्ट बाहेरून उघडं लागतं. दुसरा, तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद करायची. दुसऱ्या मार्गाला सर्व्हर बाहेरून पोचण्याजोगा असायची गरजच नाही, म्हणजे सीजीनॅटमागे असलात किंवा ॲप फक्त आतलंच असलं तरी खरं सर्टिफिकेट मिळतं. डोमेनच्या डीएनएसवाल्याकडे एपीआय असेल तर नूतनीकरण आपोआप होतं. हाताने करत बसायचे दिवस तसेही संपलेत, कारण १५ मार्च २०२९ पासून कुठलंही पब्लिक सर्टिफिकेट ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं मिळणार नाही.

एक लक्षात ठेवा, दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि ती कुणीही वाचू शकतं. ‘पगार’ किंवा ‘जुनाबॅकअप’ असलं नाव देऊन स्वतःच पाटी लावू नका. आतल्या नावांसाठी वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (डोमेनखालच्या सगळ्या नावांना मिळून एकच) घेतलं तर वेगवेगळी नावं बाहेर जात नाहीत.

आतल्या नावाला शेवटी .लोकल लावलं तर?

नको. .लोकल हे एमडीएनएससाठी राखीव आहे, प्रिंटर वगैरे एकमेकांना शोधतात त्यासाठी. मॅक आणि आयफोन तिथे वेगळं वागतात, आणि त्या नावाला पब्लिक सर्टिफिकेट मिळत नाही ते वेगळंच.

ऑफिसात सगळं दिसावं, बाहेरून मात्र फक्त साठा दिसावा, हिशोब नको. जमेल?

जमेल. हिशोबाच्या पानांसाठी प्रॉक्सीत नियम लिहा: १९२.१६८.१.० ते .२५५ ला परवानगी, बाकी सगळ्यांना नकार. पण इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही गुपचूप असतात.

पहिला, वरचं हेअरपिन. आतल्या माणसांचा पत्ता राउटरचा दिसतो हे सांगितलंच. काही राउटर इतके ढिले बसवलेले असतात की बाहेरून आलेल्या रिक्वेस्टवरही स्वतःचाच पत्ता लावतात. मग सगळं जग ‘आतलं’. दुसरा, टनेल. टनेलचा प्रोग्रॅम त्याच सर्व्हरवर चालत असेल तर बाहेरची प्रत्येक रिक्वेस्ट प्रॉक्सीला १२७.०.०.१ वरून आलेली दिसते. ‘लोकलहोस्टला परवानगी’ अशी निरागस ओळ कुठे राहिली असेल, तर हिशोब उघड्यावर. म्हणून नियम लिहून झाल्यावर मोबाइल डेटावरून ते पान उघडून बघा, आणि लॉगमध्ये तुमचा पत्ता काय पडला तेही बघा. एक्स-फॉरवर्डेड-फॉर वर विश्वास ठेवायचा तो फक्त तुमच्याच प्रॉक्सीकडून आलं असेल तर. हा हेडर कुणीही हाताने लिहून पाठवू शकतं.

आणि आत आहे म्हणजे आपला, हेही खरं नाही. माल उतरवायला आलेल्या टेम्पोवाल्याने वायफायचा पासवर्ड मागितला आणि तुम्ही दिलात, की तोही आत. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, आणि हिशोबाला लॉगिन आतूनही लागू द्या.

पोर्ट फॉरवर्ड, व्हीपीएन की टनेल?

बाहेरून वापरणारे कोण, यावर ठरतं.

फक्त तुमचीच माणसं असतील, म्हणजे मालक, अकाउंटंट आणि गोडाउनवाला, तर व्हीपीएन. दुसरा विचारच करू नका. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, हलकं आहे, आणि ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केलसारखी सेवा घ्या, पोर्ट उघडावं लागत नाही.

व्हीपीएनवर मात्र एक जुनी डोकेदुखी आहे. ऑफिसही १९२.१६८.१ आणि घरचं वायफायही १९२.१६८.१. मग घरचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० घरातच शोधतो. ऑफिसचं लॅन सुरुवातीलाच १०.४७.१२ असल्या आडवळणाच्या पट्ट्यात टाका. हे नंतर बदलायचं म्हणजे प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी मशीन आणि कॅमेरे सगळं हलवावं लागतं.

ग्राहकांनी, व्हेंडरनी उघडायचं असेल तर त्यांना व्हीपीएन बसवायला सांगता येत नाही. तिथे स्टॅटिक आयपी आणि फॉरवर्डिंग, किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारखा मार्ग. टनेलमध्ये सर्व्हर स्वतः बाहेर कनेक्शन धरून ठेवतो, म्हणून पोर्ट उघडावं लागत नाही आणि सीजीनॅटचाही अडसर नाही. पण एचटीटीपीएस त्यांच्याकडे उलगडतं, म्हणजे मधला मजकूर त्यांना दिसू शकतो, आणि फुकट प्लॅनवर एका रिक्वेस्टमध्ये १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. साठ्याच्या ॲपला हे चालावं. दवाखान्याच्या रिपोर्टना मी दोनदा विचार करेन.

रस्ता खोदताना फायबर तुटली तर ऑफिसात ॲप चालेल का?

पुण्यात हा प्रश्न ‘तुटली तर’ नव्हे, ‘तुटते तेव्हा’ असा विचारायला हवा. स्प्लिट डीएनएस असेल तर चालेल: नाव आतच सुटतं आणि पॅकेट लॅनच्या बाहेर जातच नाही. हेअरपिनवर असाल तर नावाचं उत्तर बाहेरून यायचं असतं, तेच येत नाही. आतली माणसंही टनेलवरूनच येत असतील तर सगळंच ठप्प.

एवढं करूनही पान अर्धवट उघडत असेल तर ॲप फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट बाहेरच्या सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून) ओढतंय. त्या फाइली सर्व्हरवर आणून ठेवा.

कुठली पोर्ट बाहेर उघडू नयेत?

४४३ आणि सर्टिफिकेटपुरतं ८०, एवढीच हवीत. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ३३०६, ५४३२ आणि १४३३ म्हणजे डेटाबेस, आणि राउटरचं ॲडमिन पान, ही कधीच नाहीत. ‘काही सुचत नाही, डीएमझेड टाकून देतो’ हे वाक्य ऐकलंत तर हात धरा. त्याने सर्व्हरची सगळीच पोर्ट बाहेर उघडतात. यूपीएनपी (आतल्या यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी राउटरची सोय) बंद करा.

आमच्या छोट्या वर्कशॉपला कोण शोधत येणार?

माणूस कुणी येत नाही, प्रोग्रॅम येतात. सगळा आयपीव्ही४ पट्टा ते सतत चाळत असतात, त्यांना वर्कशॉप आहे की बँक याच्याशी देणंघेणं नसतं. उघडं केल्यावर लॉग बघत बसा. तुमच्या ॲपमध्ये वर्डप्रेस नसलं तरी त्याचं लॉगिन पान शोधणाऱ्या रिक्वेस्ट दिसतीलच. डिफॉल्ट पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, अपडेट टाळू नका.

लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. सायबर घटना घडली तर ती लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची, आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवलेलं हवं. हे कंपन्यांनाही लागू आहे, फक्त डेटा सेंटरवाल्यांना नाही.

आयपीव्ही६ चं काय?

आयपीव्ही६ म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत. तूर्त आयपीव्ही४ वर नीट चालू द्या. फक्त बाहेरच्या डीएनएसमध्ये एएएए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद असेल तर आतल्या डीएनएसमध्येही तिची योग्य नोंद करा, नाहीतर आतला फोन ती बाहेरची वाट धरेल. आणि आयपीव्ही६ मध्ये नॅटचा आडोसा नसतो, फायरवॉल तिथे वेगळा लावावा लागतो.

झालं की नाही हे कसं तपासू?

ऑफिसच्या वायफायवरून, वायरवरच्या पीसीवरून, मोबाइल डेटावरून आणि कुणाच्या तरी घरच्या ब्रॉडबँडवरून, तेच एक नाव टाकून. प्रत्येक ठिकाणी लॉगिन करा, फोटो अपलोड करा, ॲपने पाठवलेली लिंक उघडा. नाव कुठल्या पत्त्याला जातंय हे एनएसलुकअपने बघा: आत १९२.१६८.१.१०, बाहेर २०३.०.११३.२५. मग राउटरची वॅनची वायर काढा आणि आतून परत उघडा.

राउटर बदलला तर काय काय परत करावं लागेल?

सर्व्हरच्या पत्त्याचं आरक्षण, पोर्ट फॉरवर्डिंग, आतल्या डीएनएसची नोंद, डीएचसीपीतून वाटायचं डीएनएस, गेस्ट नेटवर्क, यूपीएनपी बंद. फायबरचा डबा बदलला असेल तर ब्रिज मोडही. जुन्या राउटरच्या सेटिंगची फाइल एक्स्पोर्ट करून ठेवली असली, आणि नवा त्याच मॉडेलचा असला, तर दहा मिनिटांत होतं. फाइल सर्व्हरवरच ठेवू नका.